बंदीप्रत्यक्षीकरण

वकिलीच्या धंद्याविषयीं आपल्याकडे जितकीं कुचेष्टेचीं वचनें प्रचलित आहेत तितकीं दुसऱ्या कोणत्याही धंद्याविषयीं क्वचितच असतील. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हें तर लहान मुलालाही पाठ असतें. आम्हीं आयुष्यभर शाळामास्तरकी केली. वर्गांत म्हणी शिकवितांना ही म्हण आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिली असेल याची गणती नाहीं. परंतु ती लिहितांना प्रत्येक वेळीं आमचा हात किंचित् अडखळे. कारण कोर्टाची पायरी चढण्यासच मनाई झाली म्हणजे शहाण्यासुरत्या घराची काय गत होते, हें आम्हीं वयाच्या सोळाव्या वर्षीं आपल्याच घरांत पाहिलें होतें.

आमच्या घरीं येणारे एक वकील होते. त्यांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्यांना तें आवडलेंही नसतें. वांटण्या, वहिवाटी, कुळकायद्याचे दावे अशीं जिल्ह्याच्या गांवचीं कामें ते चालवीत, आणि प्रसंगानें मुंबईच्या उच्च न्यायालयांतही उभे राहत. त्यांचे वडील आणि आमचे आजोबा बालमित्र असल्यामुळें आमच्या घरांत त्यांना परकेपणा नव्हता. आजी त्यांना अरेतुरे करी, ते तिला काकू म्हणत. आमचे वडील एका शाळेचे मुख्याध्यापक, म्हणून त्यांना ते ‘मास्तर’ म्हणत. आणि पुढें आम्हीही त्याच धंद्यांत पडलों तेव्हां ‘धाकटे मास्तर’ ही पदवी आम्हांस आपोआप प्राप्त झाली. धंदा सोडल्यावर ते बारा वर्षें जवळजवळ रोज संध्याकाळीं आमच्या ओटीवर येऊन बसत. न्यायालयें, राज्यघटना आणि वकिलाचें जिणें यांविषयीं ते जें बोलत त्यांतलें पुष्कळसें एकाच खटल्याभोंवतीं फिरे. तो त्यांनीं चालविलेला खटला नव्हे. परंतु त्यांत त्यांचा एक अर्ज बुडाला होता.

१९७५ च्या २५ जूनच्या रात्रीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. दोनच दिवसांनीं राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. राज्यघटनेच्या १४, २१ व २२ या अनुच्छेदांनीं दिलेल्या हक्कांच्या अंमलबजावणीसाठीं कोणाही व्यक्तीस न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. जुलैच्या एका पहांटे आमच्या धाकट्या काकांना पोलीस घेऊन गेले. काका एका विरोधी पक्षाच्या गांवशाखेचे चिटणीस होते. चिटणीस म्हणजे सतरंजी पसरणें आणि सभा संपल्यावर ती झाडून घडी घालणें, एवढाच त्यांचा अधिकार. त्यांना ‘मिसा’ या १९७१ च्या कायद्याखालीं स्थानबद्ध केलें. आरोप नाहीं, खटला नाहीं, मुदत नाहीं. अटकेचीं कारणें स्थानबद्धास सांगावयाचीं नाहींत, एवढेंच नव्हे तर पुढें न्यायालयासही कळवावयाचीं नाहींत, अशी दुरुस्ती त्या कायद्यांत झालेली होती.

घरांत तेरा माणसें. आजी देवापाशीं बसून राही आणि ‘आज कांहीं कळलें का?’ एवढा एकच प्रश्न दिवसांतून चार वेळां विचारी. काकू बोलेनाशा झाल्या. वडिलांच्या मागें निराळीच काळजी होती. शाळा सरकारी अनुदानावर चालणारी. भाऊ तुरुंगांत असलेल्या मुख्याध्यापकाकडे अधिकारी कोणत्या नजरेनें पाहतील, हें त्यांना उघड दिसत होतें. त्या दिवसांत ‘यापुढें राजकारणांत भाग घेणार नाहीं’ असें हमीपत्र लिहून देऊन सुटून आल्याच्या गोष्टी कानांवर येत. वडिलांनीं वकीलसाहेबांना तसें हमीपत्र तयार करण्यास सांगितलें. आजीनें विचारलें, ‘आणि दुसरा मार्ग नाहीं का रे?’ वकीलसाहेब म्हणाले, ‘आहे काकू. उच्च न्यायालयांत अर्ज करतां येतो. बंदीप्रत्यक्षीकरणाचा.’

हा शब्द आमच्या घरांत प्रथम उच्चारला गेला तो असा. आम्ही तेव्हां मॅट्रिकच्या वर्गांत होतों, आणि वडिलांनीं लहानपणापासून तर्कसंग्रह घोकून घेतलेला असल्यामुळें शब्दाची फोड केल्याशिवाय आम्हांस चैन पडत नसे. लॅटिन भाषेंतील मूळ नांवाचा अर्थ ‘देह हजर कर’ असा कांहींसा होतो. आपल्या पंडितांनीं त्यासाठीं ‘प्रत्यक्ष’ हा शब्द निवडला, यांत त्यांची मार्मिकता दिसते. नैयायिकांच्या चार प्रमाणांत प्रत्यक्ष हें ज्येष्ठ. अधिकारी म्हणतो, ‘हा मनुष्य धोक्याचा आहे, म्हणून कायदेशीरपणें धरला आहे.’ हें झालें शब्दप्रमाण. परंतु शब्द प्रमाण केव्हां, तर वक्ता आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा असेल तेव्हां, आणि तो तसा आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठींच न्यायाधीश म्हणतो, ‘तुझा शब्द राहूं दे, माणूस माझ्यासमोर उभा कर आणि कोणत्या कायद्यानें धरलास तो दाखव.’ आमचें हें पांडित्य ऐकून वकीलसाहेब हंसले नाहींत. ते म्हणाले, ‘अर्जांत हें घालतां येत नाहीं, पण अर्ज एवढाच असतो.’

वडिलांना तो अर्ज नको होता. सरकारशीं उघड वैर कशाला, असें त्यांचें म्हणणें. दोघांची त्या दिवशीं चांगलीच खडाजंगी झाली. शेवटीं वकीलसाहेब म्हणाले, ‘मास्तर, अशील तुम्ही नाहीं आणि मीही नाहीं. अशील आंत आहे.’ त्यांनीं रात्रीं बसून दोन्ही कागद स्वतःच्या हातानें तयार केले, हमीपत्र आणि उच्च न्यायालयाच्या अर्जाचा वकालतनामा. मोठ्या खटपटीनें भेटीची परवानगी मिळवून ते तुरुंगांत गेले, दोन्ही कागद काकांपुढें ठेविले, प्रत्येकाचा परिणाम काय होईल तें सांगितलें आणि गप्प बसले. हमीपत्राचा मसुदा त्यांनीं मुद्दाम कच्चा ठेविला असेल अशी शंका आमच्या वडिलांना कित्येक वर्षें होती. तो कागद आज आमच्यापाशीं आहे. त्यांत एक शब्द कमी नाहीं. कोणताही अधिकारी तो नाकारूं शकला नसता असा तो चोख आहे. काकांनीं वकालतनाम्यावर सही केली.

पुढें ओटीवर या प्रसंगाचा विषय निघाला म्हणजे वकीलसाहेब म्हणत, ‘धाकटे मास्तर, वकिलाला स्वतःचें मत असावें, पण तें त्यानें अशिलाच्या हातांतल्या लेखणीला चिकटवूं नये. तुझे काका ज्याला माफीनामा म्हणत होते तो एखाद्या दमेकऱ्याच्या दृष्टीनें औषधाचा कागद असतो. त्या दिवसांत मीं दोघांचीं हमीपत्रें लिहून दिलीं, आणि त्या दोघांना मीं आजही कमी लेखत नाहीं.’ या धंद्यांत असलेल्या माणसाच्या तोंडून इतकें नाजूक बोलणें आम्हीं पुन्हां फारसें ऐकलें नाहीं. अर्जाची फी त्यांनीं घेतली नाहीं. कागद, टंकलेखन आणि मुंबईच्या फेऱ्या यांचा खर्च मात्र पैन् पै घेतला. खर्च घेतला नाहीं तर अशील मिंधा होतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

अर्ज मुंबईस दाखल झाला. देशांत ठिकठिकाणीं असे शेंकडों अर्ज पडले होते. बंगळूरच्या तुरुंगांत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपले मधु दंडवते होते. त्यांची बाजू मांडावयास पंचाहत्तरीला आलेले महंमद करीम छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ति, वकिलाचा झगा चढवून कर्नाटकाच्या उच्च न्यायालयांत उभे राहिले. मूळचे सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे १९६९ सालीं न्यायाधीशपद सोडून वकिलीकडे वळले होते. तेही स्थानबद्धांसाठीं झटत होते. आणि हीं सर्व मंडळी हरणाऱ्या पक्षाकडून उभी होती असें तेव्हां मुळींच वाटत नव्हतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह एकूण नऊ उच्च न्यायालयांनीं मत दिलें कीं, राष्ट्रपतींचा हुकूम असला तरी अटक कायद्यास धरून आहे कीं नाहीं, दुष्ट हेतूनें केलेली आहे कीं काय, हें आम्हांस पाहतां येतें. आमच्या घरांत त्या दिवसांत सणासारखें वातावरण होतें. काकूंनीं काकांचे कपडे धुऊन इस्त्री करून ठेविले.

या निर्णयांवर सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत अपील केलें. पांच न्यायमूर्ति बसले: मुख्य न्यायमूर्ति अजितनाथ राय, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णु चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. सुनावणीच्या वेळीं खन्ना यांनीं महान्यायवादी नीरेन डे यांना विचारलें कीं, जीविताचा हक्कही याच २१ व्या अनुच्छेदांत आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानें वैयक्तिक द्वेषानें कोणाचा जीव घेतला तर आपल्या मतें न्यायालयांत कांहीं इलाज आहे काय? डे यांनीं उत्तर दिलें कीं, आपला युक्तिवाद सुसंगत ठेवावयाचा तर आणीबाणी चालू असेतों इलाज नाहीं. भर न्यायालयांत हें उत्तर दिलें गेलें आणि बाकीचे न्यायमूर्ति गप्प राहिले.

निकाल १९७६ च्या २८ एप्रिलला लागला. चार विरुद्ध एक. स्थानबद्धाचा अर्ज ऐकूनच घेतां येत नाहीं, असें चौघांनीं ठरविलें. एकट्या खन्नांनीं विरोधी मत लिहिलें.

त्या संध्याकाळीं वकीलसाहेब आमच्याकडे आले तो प्रसंग विसरण्याजोगा नाहीं. आजी ओटीवर वाती वळीत बसली होती. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि म्हणाले, ‘काकू, आपला अर्ज आतां चालणार नाहीं.’ ‘सोडणार नाहींत म्हणतोस?’ ‘नाहीं.’ आजी थोडा वेळ थांबली. ‘बरें, न सोडोत. पण तूं तो शब्द सांगितला होतास त्याप्रमाणें दाखवायला तरी आणतील ना? मला लांबून दिसला तरी पुरे.’ तिनें ‘प्रत्यक्षीकरणा’चा अर्थ शब्दशः घेतला होता, आणि नऊ महिने त्या एका अर्थावर ती जगली होती. वकीलसाहेबांना उत्तर देतां आलें नाहीं. जातांना त्यांनीं आपली छत्री आमच्या कोनाड्यांतच विसरली.

या निकालाची मीमांसा त्यांनीं आम्हांस पुढें अनेक वेळां समजावून दिली. चौघांचें म्हणणें थोडक्यांत असें: देहस्वातंत्र्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांत सांगितला आहे; तोच त्याचा एकमेव आश्रय; त्या अनुच्छेदासाठीं दाद मागण्याचें दार राष्ट्रपतींनीं घटनेनेंच दिलेल्या अधिकारानें बंद केलें आहे; तेव्हां अर्जदारास उभें राहण्यास जागाच नाहीं. वाक्य वाक्याला जोडून पाहिलें तर या साखळींत चटकन् खोट सांपडत नाहीं. खन्नांनीं साखळीची पहिलीच कडी नाकारली. जीवित आणि स्वातंत्र्य हीं राज्यघटनेनें दिलेलीं बक्षिसें नव्हेत. घटना होण्यापूर्वींही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाला डांबून ठेवण्याचा अधिकार राज्यसत्तेस नव्हता. मग एका अनुच्छेदाची अंमलबजावणी थांबली म्हणून तो अधिकार तिला कोठून आला? आमच्या संस्कृताभ्यासी मनाला हा विचार अपरिचित वाटला नाहीं. बृहदारण्यकोपनिषदांत धर्माला क्षत्राचेंही क्षत्र म्हटलें आहे, आणि त्याच्या बळावर दुबळाही बलवंताला आव्हान देऊं शकतो असें सांगितलें आहे. तो धर्म कोणा राजानें दिलेला नाहीं, म्हणून तो कोणा राजाला परतही घेतां येत नाहीं.

आम्ही तरुणपणीं त्या चौघांना सरसकट भित्रे म्हणत असूं. वकीलसाहेब रागावत. ‘भित्रा म्हणून मोकळा होऊं नकोस. चंद्रचूड म्हणजे आपल्या पुण्याच्या विधि महाविद्यालयाचा माणूस. कायद्याची बुद्धि अशी कीं ऐकत बसावें. अडाणी न्यायाधीश चुकला तर वरचा सुधारतो. विद्वान् न्यायाधीश चुकतो तेव्हां तो चुकीलाही विद्वत्तेचें रूप देतो. मग सुधारायला पिढी लागते.’ हेच चंद्रचूड पुढें १९७८ पासून १९८५ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, सरन्यायाधीश होते; तितका काळ त्या आसनावर दुसरें कोणीही बसलेलें नाहीं. १९८० सालीं मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यांत संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा आहे, असा बहुमताचा निर्णय त्यांनींच लिहिला. एका दिवसावरून माणसाचा सगळा हिशेब करूं नये, असें वकीलसाहेब म्हणत. आणि लगेच म्हणत, ‘पण तो एक दिवस हिशेबांतून वगळूंही नये.’ भगवतींनीं २०११ सालीं आपली चूक झाल्याचें उघडपणें कबूल केलें. त्या वेळीं वकीलसाहेब अंथरुणाला खिळले होते. आम्हीं बातमी वाचून दाखविली. ‘पस्तीस वर्षें,’ एवढेंच ते म्हणाले.

खन्नांची किंमत मात्र तत्काळ चुकती झाली. विरोधी मत लिहितांनाच त्यांना ती ठाऊक होती. या निकालपत्रानें आपलें सरन्यायाधीशपद जाईल, असें त्यांनीं निकालापूर्वीं आपल्या बहिणीला सांगितलें होतें. १९७७ च्या जानेवारींत त्यांना डावलून सेवेनें कनिष्ठ असलेल्या बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यांत आलें, आणि खन्नांनीं राजीनामा दिला. निकालपत्राच्या अखेरीस त्यांनीं विरोधी मताविषयीं एक विचार उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा कीं, शेवटच्या न्यायालयांतील विरोधी मत हें पुढील काळाच्या बुद्धीकडे केलेलें अपील असतें. आमच्या न्यायालयांच्या इतिहासांत अशीं अपिलें यापूर्वींही झालीं होतीं. १९५० सालीं ए. के. गोपालन यांच्या खटल्यांत फजल अली यांनीं बहुमताहून निराळें मत लिहिलें. वीस वर्षांनीं बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यांत आणि पुढें १९७८ सालीं मेनका गांधी यांच्या खटल्यांत त्यांची दृष्टि न्यायालयानें स्वीकारली.

आम्ही शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठीं मुंबईस होतों तेव्हां वकीलसाहेबांनीं एकदां आम्हांस उच्च न्यायालयांत नेलें होतें. १९०८ सालीं ज्या दालनांत टिळकांना सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेथील संगमरवरी पाटी त्यांनीं दाखविली. ज्यूरीचें मत सात विरुद्ध दोन असें विरोधांत गेल्यावर टिळक जें बोलले तेच शब्द त्या पाटीवर कोरलेले आहेत, आणि १९५६ सालीं तिचें अनावरण त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति छागला यांच्या हस्तें झालें. वकीलसाहेब म्हणाले, ‘जिंकलेल्या खटल्याची फी मिळते. पाटी लागली तर हरलेल्याची लागते.’ आणि आम्हांस कँटीनमध्यें चहा पाजला.

काका १९७७ च्या फेब्रुवारींत सुटले. निवडणुका जाहीर झाल्या होत्या, म्हणून सुटले. जसें धरतांना कारण सांगितलें नव्हतें तसेंच सोडतांनाही नाहीं. आजीनें त्यांना दारांतच बराच वेळ उभें करून ठेविलें आणि नुसतें पाहिलें. घरांत सर्वांना आनंद झाला. वकीलसाहेब दोन दिवस आलेच नाहींत. तिसऱ्या दिवशीं आले तेव्हां म्हणाले, ‘मीं सोडविला असता तर पेढे घेऊन आलों असतों.’

त्याच वर्षीं मार्चमध्यें केरळांत एका बापानें हाच अर्ज केला. ईचर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. त्यांचा मुलगा राजन् याला १९७६ च्या मार्चमध्यें कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पोलिसांनीं नेलें होतें. वर्षभर बाप दारोदार फिरला. अर्जाचें दार पुन्हां उघडलें तेव्हां न्यायालयानें विचारलें, ‘मुलगा कोठें आहे?’ आणि त्या एका प्रश्नानें सगळा आडपडदा फाटला. मुलगा पोलिसांच्या ताब्यांत मेला होता. एप्रिलमध्यें तेथील मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खन्नांनीं महान्यायवादींना विचारलेला प्रश्न काल्पनिक नव्हता, असें वकीलसाहेब म्हणत तें या प्रकरणावरून. त्या प्रश्नाचें उत्तर केरळांत प्रत्यक्ष घडलें.

१९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें ठरलें कीं, यापुढें आणीबाणी असली तरी २० व २१ या अनुच्छेदांची अंमलबजावणी थांबवितां येणार नाहीं. तरीही १९७६ चा निकाल पुस्तकांत उभाच राहिला. तो रीतसर मोडला गेला २०१७ च्या २४ ऑगस्टला, पुट्टस्वामी यांच्या खटल्यांत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें ठरविलें, आणि त्यांपैकीं एकानें आपल्या निकालपत्रांत १९७६ च्या बहुमतांत गंभीर दोष असल्याचें लिहून तें रद्द ठरविलें व खन्नांचें मत बरोबर होतें असें सांगितलें. तो न्यायमूर्ति म्हणजे धनंजय यशवंत चंद्रचूड, त्या चौघांपैकीं एकाचे चिरंजीव. पुत्राकडून झालेला पराभव बापानें इच्छावा असें आपल्याकडे मानतात खरें. पण वडील चंद्रचूड २००८ सालींच वारले होते, आणि योगायोग असा कीं खन्नाही त्याच वर्षीं गेले. घरांतल्या वडिलांचें चुकलें असें म्हणणें किती अवघड असतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या वडिलांनीं हमीपत्राचा हट्ट धरला होता, याविषयीं काका आणि ते दोघेही असेतों आमच्या घरांत कोणी अवाक्षर काढलें नाहीं.

वकीलसाहेब २०१२ सालीं गेले. त्यांच्या सुनेनें आमच्या नांवाचें एक पुडकें आणून दिलें. त्यांत काकांच्या अर्जाची प्रत, पंधरा-वीस पावत्या आणि तें सही न झालेलें हमीपत्र होतें. काकांची नात सध्यां कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्याच्या सुटींत ती आली तेव्हां आम्हीं पुडकें तिच्यापुढें ठेविलें. त्यांना हा खटला ‘ए. डी. एम. जबलपूर’ या नांवानें शिकवितात. ‘आजोबा, ए. डी. एम. म्हणजे कोण हो?’ असें तिनें विचारलें. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, असें आम्हीं सांगितलें. एका अधिकाऱ्याचा हुद्दा. ती अर्ज वाचीत बसली. हमीपत्र तिनें दोनदां वाचलें आणि तें आपल्याजवळ ठेवूं का, असें विचारलें. आम्हीं दिलें.